चाकांवरचं बंदर

घनसावंगीच्या खाली गोदावरीला आमच्या गावाची नाव लागायची. त्या जागेला सगळे कौतुकानं बंदर म्हणत. पलीकडच्या गावांचा कापूस गोजरबाईच्या नावेतून इकडे यायचा आणि नथमल शेठ तो काठावरच विकत घ्यायचे. पण माणसं चिखलातून गाठोडी आणत आणि कापूस भिजे. १९८४ साली शेठजींनी सांगून टाकलं, की यंदा माल कोरडा उतरला नाही, तर ते आपला वजनाचा काटा आष्टीला हलवतील. तसं झालं असतं, तर गोजरबाईची नाव रिकामीच राहिली असती.

तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान सर्जेराव जिद्दीचे. त्यांनी गाव गोळा करून भादव्यात दगडी ओटा बांधला. नाव त्याला अलगद टेकली, नारळ फुटला. आता भादव्यात नदी भरलेली असते आणि पाऊस थांबला की रोज थोडी मागे सरते. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण बांधकामाच्या उत्साहात कुणाला आठवलं नाही. वेचणी सुरू झाली तेव्हा ओटा आणि पाणी यांच्यामध्ये वीस पावलं चिखल होता.

"दाजी, ओटा झकास झाला," गोजरबाई म्हणाली. "आता नदीला तेवढं जल्दी बोलवून घ्या."

शेठजी दुसऱ्याच दिवशी येणार होते. सर्जेराव म्हणाले, ओटा दगड टाकून पुढे वाढवू. पण आठ दिवसांनी नदी आणखी मागे जाणार, हे गोजरबाईनं त्यांना दाखवून दिलं. तेवढ्यात तिचं लक्ष एका बैलगाडीकडे गेलं. कुणीतरी बैल धुवायला आलं होतं. गाडीची चाकं पाण्यात होती, वरचा कडबा मात्र कोरडा होता.

सकाळी गावातल्या पाच गाड्या बैल सोडून ओट्यापासून पाण्यापर्यंत ओळीनं उभ्या राहिल्या. चाकांखाली चपटे दगड आणि वर फळ्या. फळ्या कमी पडल्या, तेव्हा सर्जेरावांनी घरचं दार काढून आणलं.

शेठजींनी पहिल्या गाठोड्यात कोपरापर्यंत हात घातला. कापूस बिलकुल कोरडा होता.

"पण पाणी आणखी हटलं मंग?" त्यांनी विचारलं.

"एक गाडी पुढं लावू, शेठजी," गोजरबाई म्हणाली. "चाकं कशाला असत्यात?"

काटा हलला नाही. तो सर्जेरावांच्या ओट्यावरच टांगला गेला.

पुढच्या भादव्यात पाणी बराबर ओट्याला टेकलं. सर्जेरावांनी गोजरबाईला निरोप धाडला, की नाव घेऊन ये. कापसाचे दिवस नव्हते, माल काहीच नव्हता. तिनं दाजींसाठी पलीकडून एक शेळी आणली. शेळी पाय न भिजवता ओट्यावर उतरली आणि सर्जेराव दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत बसले.