उजमाच्या पायाखालचं दार

कुंडलिकतात्यांनी चाळीस वर्षं तमाशात ढोलकी वाजवली होती. त्यामुळे नाचातलं आपल्याला कळतं, बाकीच्यांनी गप बसावं, असं त्यांचं सरळ मत होतं. त्यांची पुतणी श्रेया आयर्लंडमध्ये सहा वर्षं नर्स होती. बुटांच्या आवाजावर ताल धरायचा तिकडचा जुना नाच ती शिकून आली आणि निमगाव सावाच्या शाळेत आठ पोरींना शिकवू लागली. तात्या म्हणाले, "हात काठीवानी सरळ, तोंडावर भाव न्हाई. ह्यो काय नाच म्हनायचा?"

पोरींचे आईबापही कुरकुरत होतेच. गॅदरिंगला जमलं तर ठीक, नाहीतर क्लास बंद, असं त्यांनी श्रेयाला तोंडावर सांगितलं होतं.

सरावाच्या फळ्या तडकलेल्या, म्हणून तिनं मंडपवाल्या गोकुळला स्टेजवर नव्या फळ्या टाकायला सांगितलं. पण गोकुळ पडला मायाळू. पोरींच्या पायांना लागेल म्हणून त्या शहाण्यानं सिमेंटच्या स्टेजवर गाद्या अंथरल्या आणि वर लाल गालिचा ताणला!

गॅदरिंगच्या दिवशी चांद मिस्त्रीची पोरगी उजमा पुढं आली. बूट आपटले, आवाज शून्य.

"नुसत्याच उड्या मारती का वं?" कुणीतरी ओरडलं आणि अख्खा मंडप हसला. उजमाचे डोळे भरले, पण पाय थांबले नाहीत.

तात्यांची नजर त्या पायांवर खिळली. आवाज नसला तरी त्यांना एकेक मात्रा दिसत होती. टाच, चवडा, टाच, आणि समेवर बरोब्बर. एकही चुकत नव्हती! त्यांचं डोकं सणकलं. ते तडक स्टेजवर चढले.

"आरं गोकुळ, ढोलकीवर वाकळ टाकून वाजवत्यात का रं कुनी? काढ समदं! चांद, लाकूड आन, लाकूड!"

ऐन वेळी लाकूड आणणार कुठून? चांदनं गाडीच्या डिकीतून पेचकस आणला आणि पाचवीच्या वर्गाचं दारच बिजागऱ्यांतून उतरवलं. चौघांनी ते स्टेजवर आडवं टाकलं. श्रेयाला रडू आणि हसू एकदमच फुटलं. "तात्या, तिकडं जुनी माणसं अशीच घराचं दार काढून त्यावर नाचायची!"

उजमा दारावर उभी राहिली. मग काय विचारता! हात जागच्या जागी, मान ताठ, आणि खाली नुसता कडकडाट. तात्यांची बोटं सवयीनं मांडीवर वाजू लागली, पण त्यांनी ती आवरली. ह्या पोरीला ढोलकीची गरजच नव्हती. मघाशी हसलेली माणसं उठून टाळ्या पिटत होती. क्लास बंद करायचं नाव कुणी काढलं नाही, उलट दोघी आयांनी आपल्या पोरींची नावं तिथंच श्रेयाला दिली.

शाळेचं दार शाळेला परत गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांच्या बायकोनं, सरूबाईनं पाहिलं, तर चांद त्यांच्याच घराचं पुढचं दार उतरवतोय!

"आवं, येड लागलं का? बिबट्या आत शिरला म्हंजे?"

"आपल्याला पत्र्याचं बसवाया सांगितलंय," तात्या म्हणाले. "ह्यो साग पोरींचा. सरू, लई नाच बघितलं मी, लई जनींसंगं वाजवलं. पर काल त्या पोरीच्या पायावर डोकं ठेवावं वाटलं बघ."

आणि दाराचं एक टोक त्यांनी स्वतः उचललं.