माझ्यातला टिप्या

मी बोलतोय, मॉरिसव्हिलमधल्या एका अपार्टमेंटच्या लाँड्रीरूममधून. साबणाच्या दोन रिकाम्या डब्यांच्या मधे जे जाडजूड निळं पुस्तक आडवं पडलंय ना, तेच मी. मशीन सुरू झालं की माझी फळी थरथरते. माणसं येतात, कपडे टाकतात, फोन बघत बसतात, कपडे घेऊन जातात. माझ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. म्हटलं, मग आपणच बोलावं.

माझ्या पोटात सतरा गोष्टी आहेत, आणि सुरुवातीला त्या लिहिणाऱ्या माणसाचं चरित्र. तो इथलाच, अमेरिकेतला, जुन्या काळचा. त्याचं नाव माझ्या पाठीवर सोनेरी अक्षरांत होतं, ते हात लागून लागून पुसलं. पंधराव्या वर्षी तो जहाजावर चढला. बर्फात हिंडला, वादळात सापडला, आणि जे पाहिलं ते लिहीत गेला. पुढे लग्न झालं, घरी एक लहान लेक होती. तिला तो प्रत्येक बंदरावरून पत्र टाकायचा, 'बर्फ वितळलं की येतो.' बर्फ दर वर्षी वितळायचं. हा बारा वर्षांनी घरी गेला, तेव्हा लेकीने त्याला ओळखलंच नाही. तो परत जहाजावर गेला. त्यानंतर त्याच्या गोष्टींतली माणसंही घरी परत येईनाशी झाली.

हे सगळं माझ्या नवव्या पानावर छापलंय. पण पुस्तकाची सुरुवातीची पानं कोण वाचतं?

छापून झाल्यावर मी लायब्ररीत आलो. पहिली काही वर्षं मला उसंत नव्हती. म्हातारी माणसं मला छातीवर ठेवून झोपी जायची, त्यांचा श्वास मला कळायचा. मग हळूहळू हात कमी झाले. एके दिवशी माझ्या पहिल्या पानावर 'काढून टाकले' असा शिक्का बसला आणि मी दाराजवळच्या खोक्यात पडलो. खोक्यावर लिहिलं होतं, हवं ते घेऊन जा.

तिथून मला उल्काने उचललं.

उल्का सांगलीकडची. हायस्कूल दुसऱ्या गावाला होतं म्हणून तिची शाळा सातवीतच सुटली. नवरा राजस हा तिचा आत्तेभाऊ, कॉम्प्युटरचा इंजिनिअर. त्याच्या नोकरीमुळे ती इथे आली. लेक रुही सहा वर्षांची, पहिलीत. शाळेतून एक पिवळा कागद यायचा. घरी रोज वीस मिनिटं मुलीला वाचून दाखवा आणि खाली सही करा. उल्काला इंग्रजी अक्षरं ओळखता यायची, पण ती जोडून वाचेपर्यंत रुही उठून पळायची.

"अगं उल्का, हे मोठ्या माणसांचं पुस्तक आहे," शेजारच्या सुलेखाताई खोक्याजवळ म्हणाल्या. त्या नागपूरच्या. "पहिलीतल्या पोरीला हे?"

"जाड आहे ना ताई. वर्षभर पुरेल."

सुलेखाताई इतक्या हसल्या की लायब्ररीतल्या बाईंनी मान वर करून पाहिलं. मला मात्र बरं वाटलं. किती तरी वर्षांनी कुणाला माझा जाडेपणा आवडला होता.

घरी येताना उल्का पार्किंगच्या कुंपणापाशी थबकली. "अगंबाई! इथे तर विद्येचं कुंपणच आहे!" ती मोरपंखीची झाडं होती. तिच्या गावाकडे मुलं ते चपटं, जाळीदार पान वहीत ठेवतात आणि त्याला विद्या म्हणतात. ती वहीत असली की अभ्यास येतो. उल्काने एक छोटी फांदी तोडून माझ्या पानांत ठेवली आणि रुहीला सांगितलं, "ही विद्या. हिच्यावर हात ठेवून खोटं बोलायचं नसतं."

"व्हॉट हॅपन्स?"

"काही होत नाही. पण बोलायचं नसतं."

दुपारी चारला शाळेची बस यायची. मग मायलेकी बाल्कनीत बसायच्या, मी दोघींच्या मांडीवर, अर्धा इकडे अर्धा तिकडे. माझ्यात चित्रं आहेत. त्यातलं एक रुहीच्या फार आवडीचं. बर्फाच्या काठावर एक कुत्रा समुद्राकडे बघत बसलाय. उल्का ओळींवरून बोट फिरवायची, अगदी वाचल्यासारखं, आणि गोष्ट स्वतःचीच सांगायची. कुत्र्याचं नाव तिने टिप्या ठेवलं. माझ्यात त्याचं नाव दुसरंच आहे, पण पुढे मलाही ते आठवेनासं झालं.

"टिप्याचा मालक पीठ आणायला गेलाय. टिप्या वाट बघतोय."

"देन?"

"मग काय! आला की मालक. होडीतून उतरला आणि म्हणाला, टिप्या, जेवलास का?"

रुही खुदखुदायची. कारण हे तिच्या बाबांचं बोलणं होतं. राजस डिसेंबरमध्ये व्हिसाच्या शिक्क्यासाठी भारतात गेला होता, तीन आठवड्यांसाठी म्हणून. तिथे वकिलातीतल्या मुलाखतीची त्याची तारीख पुढे गेली. मग आणखी पुढे. तो रोज व्हिडिओवर यायचा आणि पहिलं वाक्य हेच, "रुही, जेवलीस का?"

"बाबा कधी येणार?" रुही विचारायची.

"पुढच्या महिन्यात," उल्का सांगायची. आणि माझं पहिलं पान उघडून लेखकाचा फोटो दाखवायची. दाढीवाला, खुर्चीत बसलेला. "हे बघ दाढीवाले आजोबा. हाच टिप्याचा मालक. आला की नाही घरी? बसलाय बघ कसा निवांत."

ती खुर्ची त्याच्या घरची नव्हती. बंदराजवळच्या भाड्याच्या खोलीतली होती. पण हे मी कुणाला सांगणार?

एक गोष्ट मी पाहत होतो. टिप्याची गोष्ट सुरू करण्याआधी उल्का दर वेळी विद्येची फांदी हळूच काढून बाजूला ठेवायची. संपली की परत आत. मी ते कुणाला बोललो नाही.

फांदी वाळली, तपकिरी झाली, आणि विद्या खरंच आली. मार्चपासून रुही दुकानांच्या पाट्या वाचायला लागली. उल्काला कोण आनंद झाला! सुलेखाताईंना घरी बोलावून शिरा खाऊ घातला. मीही फुगलो होतो. वाचत वाचत रुही कुठे पोचणार आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

एप्रिलमधली दुपार. उल्का स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती, फोन कानाशी. राजसच्या कंपनीने आता थांबायला नकार दिला होता. नोकरी गेली होती. ती नुसतं हं, हं म्हणत होती. बाहेर रुहीने मला मांडीवर घेतलं, कुत्र्याचं चित्र उलटलं आणि गोष्टीच्या शेवटच्या पानावर बोट ठेवलं. एकेक शब्द जोडत ती पुढे सरकत होती. माझी पानं चिकटावीत, शाई विरून जावी, असं मला झालं. पण पुस्तकाला स्वतःहून मिटता येत नाही. शेवटची ओळ लहान आहे. तो माणूस परत आला नाही. एवढीच.

रुही मला कवटाळून आत गेली. उल्काने फोन ठेवला होता.

"आई, ही नेव्हर कम्स बॅक."

"कोण गं?"

"टिप्याचा मालक. इथे रिटन आहे. तू असं नाही वाचलं."

उल्काचं लाटणं थांबलं. "मला वाचता येत नाही गं ते."

"मग बाबा? बाबा नेक्स्ट मंथ येणार, ते पण यू मेड इट अप?"

रुहीने माझ्यातली वाळकी फांदी काढली आणि ओट्यावर, पिठात ठेवली. "विद्येवर हात ठेव आणि सांग."

तव्यावरची पोळी करपली. उल्काने हात ठेवला. पिठाचा हात होता. "बाबा इथे येऊ शकत नाहीत," ती म्हणाली. "आपणच जायचंय त्यांच्याकडे. शाळा संपली की. इकडे परत यायचं की नाही, ते मला माहीत नाही."

रुही रडली नाही. तिने फांदी उचलली, माझ्यात ठेवली आणि मला मिटलं. त्या दिवसापासून चारची वेळ माझी राहिली नाही. ती शाळेची पातळ पुस्तकं आणायची आणि एकटीच वाचायची. उल्का सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसायची, चालू काय आहे ते न कळता, आणि शेवटी पिवळ्या कागदावर सही करायची.

जूनमध्ये बॅगा भरायला काढल्या. उल्काने मला आत ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. सुलेखाताईंनी काट्याला बॅग लटकवली. "अगं, याच्या जागी पोरीचे दोन स्वेटर बसतील."

"सांगलीत स्वेटर कशाला ताई?" उल्का म्हणाली. पण बॅग जड भरत होतीच. मीच बाहेर निघालो.

शेवटच्या दुपारी दोघी मला इथे घेऊन आल्या. या फळीवर माणसं नको असलेल्या वस्तू ठेवून जातात, हवी त्याने न्यावी. शेवटचे कपडे मशीनमध्ये फिरत होते. रुहीने मला फळीवर ठेवू दिलं नाही. ती फरशीवर बसली आणि तिने कुत्र्याच्या चित्राचं पान उघडलं. विद्या तिथेच होती, ती तिने स्वतः उचलून बाजूला ठेवली.

"आई, तू वाच."

"मला कुठे येतं वाचायला?"

"तुझं वालं वाच."

उल्काने ओळीवर बोट ठेवलं. टिप्या बसलाय, मालक पीठ आणायला गेलाय, होडी लांब दिसतेय. "मग होडी आली. मालक उतरला. आणि म्हणाला..." तिचं बोट ओळीवरच थांबलं.

"टिप्या, जेवलास का?" रुही म्हणाली.

मग तिने फांदी परत माझ्यात ठेवली आणि दोघी ओले कपडे घेऊन गेल्या. तेव्हापासून मी इथे आहे. दाराच्या फटीतून पार्किंग दिसतं. कुंपणाची मोरपंखी हिरवीगार आहे.

तुमच्यापैकी कुणी मला उचललंत तर माझी एवढीच विनवणी. कुत्र्याच्या पानात विद्येची वाळकी फांदी आहे, ती कचरा समजून झटकू नका. आणि मांडीवर लहान मूल असेल, तर शेवटच्या ओळीआधी जरा थांबा. त्याच्या तोंडाकडे बघा. घरातलं कुणी लांब गेलंय का, आठवा. मग ती फांदी बाजूला ठेवा आणि काय वाचायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.