वच्छलाबाईची लुगडी

"मॅडम, आता जे सांगतो त्यावर मारुतीसुद्धा विश्वास ठेवायचा नाय," असं म्हणत बन्सी बांधावर दोन्ही हात पसरून उभा राहिला. मागचा मका झाकावा म्हणूनच उभा असल्यासारखा.

उमा जीपमधून उतरली. रानडुकरं, हरणं, मोर यांना न मारता पिकापासून लांब कसं ठेवायचं, हे तिचं विद्यापीठातलं काम. तीन वर्षांत कन्नड तालुक्यातल्या डुकरांनी तिच्या सगळ्या विद्येचा फडशा पाडला होता. फटाक्यांना डुकरं सरावली. भोंग्यावर वाघाची डरकाळी लावली, तर त्या भोंग्याखालीच एक डुकरीण व्याली. आता उरला होता एकच उपाय: अंगावर वापरलेली, न धुतलेली लुगडी शेताभोवती बांधायची. माणसाच्या घामाच्या वासाला डुक्कर बिचकतं. बन्सीचा मका वाचला, तर कामाला आणखी एक वर्ष मिळणार होतं. नाही वाचला, तर या गावांत पुन्हा कुणी येणार नव्हतं.

शेताभोवती हिरवी, जांभळी लुगडी फडफडत होती. बन्सीची बायको वच्छलाबाई गेल्या साली वारली. तिची लुगडी चालतील का, हे उमानंच चाचरत विचारलं होतं. तो म्हणाला होता, "लई हायेत."

"बरं, मग काय झालं?"

"डुकरांचा म्होरक्या आला. गाढवाएवढा! वच्छलीच्या लुगड्याला नाक लावलं अन् कान पाडून खालीच बसला. मी बसायचो तसा. म्हणला, चुकलं बाई. अन् सगळी पलटण घेऊन गेला लासूर टेशनावर. तिथून गाडीनं गेली म्हणतेत."

"तिकीट काढून?"

"डुकराला कोण तिकीट विचारतंय?"

उमा हसली. कितीतरी महिन्यांनी.

"आत बघू?"

"नका जाऊ. कणसं अजून लाजतेत."

ती त्याच्या हाताखालून वाकून आत शिरली. बांधालगतच्या चार ओळी ताठ उभ्या होत्या. त्यांच्यापलीकडे सगळा मका आडवा. ताटं चघळून टाकलेली, माती नाकाड्यांनी उकरलेली.

बाहेर येऊन तिनं एका लुगड्याची गाठ ओढून पाहिली. गाठ पक्की होती.

"वारं लई सुटलं होतं," बन्सी म्हणाला.

"वाऱ्यानं दाणे खाल्ले?"

तो पायानं ढेकूळ फोडत राहिला.

"म्हणजे वासाचाही उपयोग नाही," उमा म्हणाली.

"असं म्हणू नका मॅडम! वच्छलीचा वास म्हंजे काय साधा वाटला? ह्या लुगड्यांना नुसतं..."

पाण्याचा तांब्या घेऊन आलेली त्याची धाकटी बहीण सरूबाई बांधाखालीच थांबली.

"कोणत्या लुगड्यांना, दादा?"

बन्सीचे पसरलेले हात खाली आले.

"मॅडम, ही तर मी कन्नडच्या बाजारातून आणली. जुनी, धुऊन घड्या घातलेली," सरूबाई म्हणाली. "वहिनीची पेटीतच हायेत. वास उडंल म्हणून दादा झाकणसुद्धा उघडू देत नाय."