बैलाचं उठणं

धरमपेठेतला आपला स्टुडिओ बंद करून रुपराव मनीषनगरातल्या एका ॲनिमेशन कंपनीत नोकरीला लागले, तेही वेदिकाच्या हाताखाली. ही वेदिका त्यांचीच शिष्या. मातीच्या बाहुलीचा हात तसूभर हलवायचा, फोटो काढायचा, पुन्हा हलवायचा, हे तिला त्यांनीच शिकवलेलं. नशीब अशी थट्टा करतं, आणि माणसानं वर हसायचंही.

रुपराव कॉम्प्युटर शिकले, पण जुनी सवय काही जाईना. तिथं बैल उठवायचा तर त्याच्या चार-पाच मुद्रा लावून दिल्या की मधलं सगळं यंत्र भरतं. रुपरावांनी मात्र एकेक फ्रेम हातानं लावली, जसा काय समोर मातीचाच बैल बसलाय. पशुखाद्याच्या जाहिरातीतल्या त्या एका बैलापायी पंधरवडा गेला. प्रत्येक फ्रेमची एक लाल खूण, अशी पडद्याखालची पट्टी खुणांनी गच्च भरली. मग गिऱ्हाइकानं बैल जरा लवकर उठवा म्हटलं, आणि त्या खुणांच्या गर्दीत काही बदलता येईना.

"सर, काहून एवढ्या खुणा लावल्या?" वेदिका म्हणाली. "त्यातल्या बहुतेक पुसून टाकते ना. मधलं भरून घेईल ते."

"मंग तो बैल माझा नाही राह्यला."

मालक दुर्गेशनं तोडगा काढला. वेदिकानं खुणा पुसलेला बैल आणि सरांचा बैल शेजारी-शेजारी लावायचे. "तुमचा ओळखला तं तुमच्याच पद्धतीनं नव्यानं करा सर, मी गिऱ्हाइकाले थांबवतो. नाही तं यापुढं सगळं काम वेदिकासारखं."

रुपराव हसले. "सारी हयात यातच गेली गा. मले माझा हात ओळखू येनार नाही?"

वेदिकानं खालची पट्टी झाकली. दोन्ही बैल उठले, मागचे पाय आधी, मग पुढचे गुडघे. डावीकडच्याच्या मानेत उठतानाचं ओझं दिसत होतं. रुपरावांना भरून आलं. यालाच हात म्हणतात, असं मनाशी म्हणत त्यांनी डावीकडे बोट दाखवलं.

वेदिकानं पट्टी झाकलेलीच ठेवली.

"ओळखला सरांनी," तिनं दाराशी उभ्या दुर्गेशला सांगितलं. तो मान हलवून निघून गेला.

रुपरावांनी स्वतःच पट्टी उघडली. डावीकडच्या बैलाखाली दूरदूर चार-पाच खुणा होत्या. त्यांचा बैल उजवीकडे होता.

पोरीनं आपली लाज राखली याचा त्यांना संताप आला, आणि तिचे पाय धरावेत असंही वाटलं. त्यांनी उजवीकडचा बैल उघडला आणि खुणा पुसायला घेतल्या.

"सर, राहू द्या ना."

"कोनती ठेवू अन् कोनती पुसू," रुपराव म्हणाले, "तेवढं शिकव वं पोरी."