लेटीचं ब्रेव्हली

शाळेतल्या इंग्रजीत ब्रेव्ह म्हणजे शूर. अँट्रिमच्या या किनाऱ्यावर मी चौतीस वर्षं पोरांना तेच शिकवलं आणि कुणी दुसरं काही लिहिलं की लाल रेघ मारली. घरात मात्र आम्ही वेगळंच बोलतो. दिवस छान उजाडला तर तो ब्रेव्ह, वाट बरीच लांब असली तर ती ब्रेव्ह लांब. आणि कुणी 'कशी आहेस?' विचारलं की म्हणायचं, 'ब्रेव्हली', म्हणजे मजेत. त्यासाठी लढाई मारावी लागत नाही.

निवृत्त झाल्यावर, पापक्षालन म्हणा हवं तर, मी बोलीच्या एका कोशासाठी शब्द गोळा करायला लागले. कोशाचे संपादक गिलिलँड बेलफास्टला बसतात. वय तिशीच्या आत, शिस्त मात्र साठीची. त्यांच्याकडे प्रत्येक शब्दाचा एक नकाशा असतो. ज्या गावात शब्द यंदा ऐकू आला तिथे भरीव ठिपका, नाहीतर पोकळ वर्तुळ. शब्द ऐकला की त्याचं कार्ड भरून पाठवायचं, पण तो समोरच्याच्या बोलण्यात आपसूक यायला हवा. आपण तो आधी उच्चारला की ते ऐकणं बाद. आणि गोळा करणाऱ्याचं स्वतःचं बोलणं तर मुळीच धरत नाहीत.

ऑगस्टात त्यांचं पत्र आलं. 'मजेत' या अर्थाच्या ब्रेव्हलीसाठी आमच्या गावाचं कार्ड नाही, शुक्रवारच्या टपालाने निघालं नाही तर वर्तुळ पोकळ. माझं डोकंच फिरलं. आमच्या गावात हा शब्द मेला? तरुण पोरं 'फाइन' म्हणतात, ठीक आहे. म्हातारे मला बघितलं की शाळेतलं इंग्रजी बोलायला लागतात, ती माझ्याच लाल रेघांची कृपा. पण शेजारच्या घरात माझी थोरली बहीण लेटी राहते, ती तर दिवसातून दहादा म्हणायची!

म्हणायची. फेब्रुवारीत तिचा नवरा अल्फी गेला, तेव्हापासून कुणी 'कशी आहेस' विचारलं की ती नुसतं 'आहे' म्हणते. पत्र वाचेपर्यंत हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. शब्द वेचत गावभर हिंडत होते आणि भिंतीपलीकडचा कधी गेला ते कळलं नाही. लाज वाटली मला.

मंगळवारी सकाळी सोडा ब्रेड घेऊन तिच्याकडे गेले.

"कशी आहेस, लेटी?"

"आहे."

दुपारी लोणी मागायच्या निमित्ताने पुन्हा गेले. "काय, कशी आहेस?"

"सकाळी होते तशीच. डॉक्टरकी सुरू केलीस का गं?"

बुधवारी तिसऱ्या खेपेला माझाच धीर सुटला. "अगं, ब्रेव्हली आहेस ना?" म्हणून गेले आणि जीभ चावली. एवढी जुनी मास्तरीण, आणि उत्तर फळ्यावर लिहून परीक्षा घेत होते.

लेटीने हातातली सुरी खाली ठेवली. "आयव्ही, तुझं ते कार्ड भरायचंय, होय ना? सांग, काय म्हणू?"

"सांगून म्हटलेलं चालत नाही."

"मग नाही म्हणत. खोटंच बोलायचं असतं तर फेब्रुवारीपासूनच बोलले असते."

ती पुन्हा बटाटे सोलायला लागली. मी घरी आले ती ठिपका विसरूनच आले. ही परत कधी मजेत असेल का, एवढंच डोक्यात घोळत राहिलं.

शुक्रवारी 'ऐकू आला नाही' असं कार्ड लिहून पोस्टाकडे निघाले. त्या दिवशी मोठी ओहोटी होती, खडक पार उघडे पडले होते. आणि खाली खडकांवर लेटी! पायात अल्फीचे गमबूट, हातात अल्फीचं पोतं, वाकून डल्स खुडत होती. हे लाल शेवाळ आम्ही वाळवून खातो. ते आणणं अल्फीचं काम होतं, तो गेल्यापासून लेटी किनाऱ्यावर फिरकली नव्हती. मी कुंपणाआड थांबले. तेवढ्यात पाववाल्या रॉबीची गाडी रस्त्यावर उभी राहिली.

"ए लेटी! कशी आहेस?" तो वरून ओरडला.

तिने मान वर केली नाही, हातही थांबवला नाही. "ब्रेव्हली, रॉबी, ब्रेव्हली! दोन पाव ठेव दारात, आणि शिळे ठेवलेस तर बघ!"

मी कार्ड फाडलं आणि भर रस्त्यात रडले. मग चांगल्या बुटांची पर्वा न करता खाली उतरले.

"पोस्टात निघाली होतीस ना?" लेटी म्हणाली.

"पोस्ट कुठे पळून जातंय?"

"मग पोत्याचं तोंड धर. आणि नाक पूस आधी."

पाणी चढायला लागेपर्यंत आम्ही डल्स खुडत होतो. संध्याकाळचं टपाल निघायच्या आत मी नवं कार्ड भरलं. शब्द: ब्रेव्हली. अर्थ: मजेत. बोलणारी: लेटिशिया मॅकअल्पिन, वय चौऱ्याहत्तर. कुणाशी: पाववाल्याशी. शेवटी 'शेरा' असा एक रकाना असतो. तो छापत नाहीत, मला ठाऊक आहे. तरी त्यात नीट, गोल अक्षरात लिहिलं: 'नवरा गेल्यानंतर पहिल्यांदाच.'