म्हाताऱ्या पेशींची दमछाक

प्रयोगशाळेत तिला सगळे हळूबाई म्हणत. चालायला-बोलायला बाई भलतीच चपळ होती, पण मेंदूचा काप समोर आला की तिचा हात असा हलका व्हायचा की बघणाऱ्यानं श्वास रोखून धरावा. उंदराच्या मेंदूत आठवणी जिथे मुरतात त्या भागाचा पातळ काप ती वाटीत ठेवायची, त्यावरून प्राणवायू भरलेलं खारं पाणी खेळतं सोडायची आणि काचेची बारीक सुई एकाच पेशीला टेकवायची. मग पडद्यावर विजेचे ठोके उमटायचे. पेशी बोलते आहे म्हणायचं.

तरुण उंदरांच्या पेशी बोलत राहायच्या. म्हाताऱ्यांच्या मात्र थोड्याच वेळात गपगार! दोन वर्षं हेच दिसत होतं. त्यावर तिचा सगळा प्रबंध उभा होता, आणि तिचे मार्गदर्शक सर आज संध्याकाळी त्याचा लेख छापायला धाडणार होते. एका म्हाताऱ्या उंदराचा काप तेवढा बघायचा राहिला होता.

तो वाटीत ठेवला आणि नेमका आत्याचा फोन आला. हिला लहानाची मोठी केली ती आत्यानंच. आता सत्तरीला टेकली होती आणि हिच्याकडेच राहत होती.

"अगं, त्या गाडी शिकवणाऱ्या बाई विचारतायत. घालू का नाव?"

"आत्या, पुन्हा तेच? या वयात डोक्याला ताप कशाला? मेंदू दमतो गं, मी रोज डोळ्यांनी बघते. कुठे जायचं ते सांग, मी सोडते की."

"बरं बाई," म्हणून आत्यानं फोन ठेवला. एरवी दहा वाक्यं ऐकवणारी बाई दोन शब्दांत गप्प झाली, ते हळूबाईच्या जिवाला लागलं. त्याच तंद्रीत तिनं सुई टेकवली.

पेशी बोलू लागली. बराच वेळ झाला तरी आपली बोलतेच आहे! हिनं उंदराचं वय पुन्हा तपासलं. म्हातारा, चांगला पिकलेला म्हातारा. मग झालं काय? नजर पाण्याच्या तोटीवर गेली. ती पूर्ण उघडी होती. म्हातारा काप नाजूक, धारेनं हलायला नको, म्हणून ती दर वेळी तोटी अर्धी आवळायची. आज फोनच्या नादात ते राहून गेलं होतं.

तिनं तोटी आवळली. ठोके विरळ झाले, मग थांबले. सैल केली, तशी थोड्या वेळानं पेशी पुन्हा बोलू लागली. दुसऱ्या पेशीचंही तेच. अगं बाई! म्हणजे वयानं नव्हे, हिनंच त्यांना गुदमरवलं होतं.

"सर, लेख पाठवू नका," ती धावत जाऊन म्हणाली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "दोन वर्षांवर पाणी पडलं की गं."

"हो सर. रडू यायला हवं, पण मला तर आनंदच होतोय."

"होऊ दे. उद्यापासून तोटी उघडी ठेवून पहिल्यापासून कर सगळं. इतक्यात काही तुझी सुटका नाही," सर म्हणाले, पण हसले.

घरी आत्या दिवा न लावताच खुर्चीत बसली होती. हळूबाई तिच्या पायाशी जाऊन बसली.

"आत्या, चुकलं माझं. त्या पेशी दमत नव्हत्या. मी फार जपत होते ना, म्हणून गप्प व्हायच्या."

आत्यानं तिच्या केसांतून हात फिरवला. "मी पण तशीच गप्प झाले होते गं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू एवढ्या मायेनं करत होतीस. माझ्यानं मोडवेना."

हळूबाईला रडूच कोसळलं. आत्यानं तिला मनसोक्त रडू दिलं, मग हळूच विचारलं, "उद्या गाडी शिकायला सोडशील ना मला?"

"नाही," हळूबाई नाक पुसत म्हणाली. "तुझी तू जा."

आत्या खुर्चीतून टुणकन उठली आणि तिनं त्या बाईंना फोन लावला.