आर्विडची मान

आर्विड लेहतोने मान डोलवायला कधी सुरुवात केली, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. सॉमिलच्या, म्हणजे लाकूड कापायच्या गिरणीच्या, मोठ्या करवतीवर एकतीस वर्षं काढलेल्या माणसाचे कान शाबूत राहत नाहीत, आणि आमच्या त्या किनाऱ्यावर धडधाकट कानाचा पुरुष शोधून सापडला नसता. त्यामुळे पाद्री काही बोलला, मान डोलवा. दुकानदार बोलला, मान डोलवा. बायको बोलली तर दोनदा डोलवा. समोरच्याचं समाधान होतं आणि ‘काय म्हणालात?’ असं तिसऱ्यांदा विचारायची लाज वाचते. गावातल्या निम्म्या भांडणांचं मूळ या डोलावण्यात होतं, पण खोड काही कुणाची जात नव्हती.

गिरणीत कानांची गरजच नव्हती. करवत चालू झाली की कानाशी तोंड नेऊन बोंबललं तरी फुकट. तिथे बोटं बोलायची. लाकूड किती इंच सरकवायचं ते बोटांवर. तळवा उघडून पुढे धरला की थांब, सगळं थांबव. दात खाजवला की फोरमन मॅकब्राईड येतोय. छातीवर मूठ ठेवून मग तोंडाकडे नेली की घरी जेवायला ये. मॅकब्राईडच्या बायकोबद्दलही एक खूण होती, ती इथे सांगण्यासारखी नाही.

आर्विड करवतीच्या दांड्याशी उभा असायचा. पंधरा फुटांवर, ओंडका वाहून नेणाऱ्या गाड्यावर, त्याचा मुलगा रॉय. आर्विडने बोटं दाखवायची, रॉयने तेवढा ओंडका सरकवून लोखंडी हूक ठोकायचा आणि तीच बोटं उलट दाखवायची. मग आर्विडने मान डोलवायची, म्हणजे कळलं, आणि दांडा ढकलायचा. गाडा ओंडक्यासकट करवतीवर जायचा. दिवसातून शेकडो वेळा हे चालायचं. मधल्या फटीत रॉय बायकोच्या चुगल्या करायचा, बाप त्याला शिव्या घालायचा, सगळं बोटांनीच. रॉय बापाच्या घरी जेवायला आला की टेबलावर हे दोघे मुक्याने जेवायचे आणि हिल्मा वैतागायची. “दिवसभर हातवारे करता ना एकमेकांशी, मग घरी काय दातखीळ बसते?”

हिल्मा म्हणजे आर्विडची बायको. फेब्रुवारीत ती तळघराच्या पायऱ्यांवरून पडली. आर्विड वर स्वयंपाकघरात कॉफी पीत पेपर वाचत होता. ती हाका मारत होती, तो पान उलटत होता. तासाभराने रॉय काही कामासाठी आला तेव्हा त्याला ऐकू गेलं. तीन दिवसांनी ती इस्पितळात वारली.

दफनानंतर चर्चच्या हॉलमध्ये सगळे केक खात उभे होते. रॉय बापासमोर येऊन उभा राहिला. “तासभर हाका मारत होती आई! तासभर! आणि तुम्ही वर कॉफी ढोसत होतात. तुम्हाला कुणाचं ऐकायचंच नसतं, हे खरं ना?”

आर्विडला फक्त ओठ हलताना दिसले. पोरगं धीर देतंय असं वाटून त्याचे डोळे भरून आले, आणि त्याने मान डोलावली. दोनदा.

आठवड्याने शेजारच्या सेल्माने त्याच्या कानात ओरडून रॉय काय बोलला ते सांगितलं. तेव्हा तरी मुलाच्या घरी जाऊन ‘अरे, मला ऐकूच आलं नव्हतं’ एवढं सांगायचं. पण हा कसला जातो! बायको माझी गेली आणि खुलासे देत मी फिरू? असं म्हणून बसला घरात. रॉयही बापावरच गेलेला. दोघांचं बोलणं बंद झालं.

गिरणीत तेवढं चालू राहिलं, तेही फक्त इंचांपुरतं. तीन. दोन. चार. चुगल्या नाहीत, शिव्या नाहीत, दात खाजवणं नाही. पण इंच दाखवायचे तरी रॉयला बापाच्या तोंडाकडे बघावं लागे. दिवसातून शेकडो वेळा. आर्विड त्यावर जगत होता, हे सरळ सांगून टाकतो.

उन्हाळ्यात त्याच्या डोळ्यांत सायीसारखं काहीतरी धरलं. तो एकटाच बस पकडून मोठ्या गावच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने मोतीबिंदू आहे असं कागदावर ठळक लिहून दिलं आणि खाली दोन रेघा ओढून बजावलं की ऑपरेशन होईपर्यंत करवतीजवळ जायचं नाही. आर्विडने तो कागद चौघडी करून हिल्माच्या शिवणाच्या डब्यात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाला. ओंडका केवढा आहे ते त्याला अंदाजाने कळायचं, करवत कशी चालली आहे ते तळपायांना कळायचं. रॉयची बोटं मात्र दिसेनाशी झाली. हात वर झाला एवढं दिसे. पण रॉय काय, आपलेच इंच उलट दाखवणार. त्यात बघायचंय काय? हात वर झाला की आर्विड मान डोलवायचा.

सप्टेंबरच्या एका शुक्रवारी सुट्टीच्या जरा आधी रॉयचा हात वर झाला, बराच वेळ हलला आणि खाली गेला. आर्विडने मान डोलावली.

सोमवारी सून डोरीनने त्याला दुकानात गाठलं. ती पार रडवेली झाली होती आणि त्याच्या कानाशी ओरडून बोलत होती.

“बाबा, काल आम्ही दुपारपर्यंत ताटं मांडून बसलो होतो. रॉयने तुम्हाला जेवायला बोलावलं ना? सहा महिने मी त्याच्या मागे लागले होते. तो म्हणाला, बोलावलं, आणि तुम्ही हो म्हणालात!”

आता सांगावं, दिसलंच नाही म्हणून सांगून मोकळं व्हावं, असं आर्विडला वाटलं. पण डोरीन घरी जाऊन रॉयला सांगणार, रॉय मॅकब्राईडला सांगणार, आणि उद्या करवतीवर दुसराच कोणी उभा राहणार.

“विसरलो,” तो म्हणाला.

“सख्ख्या मुलाने बोलावलेलं विसरलात? मग बरोबरच म्हणतो तो तुमच्याबद्दल,” असं म्हणून डोरीन पिशवी उचलून गेली. रॉयने त्यानंतर इंचांशिवाय एक बोट हलवलं नाही. एका शब्दाचं काम होतं आणि ते या म्हाताऱ्याच्या हातून झालं नाही. मला त्याचा अजून राग येतो.

ऑक्टोबरात एका सकाळी गाड्यावर सीडरचा मोठा ओंडका चढला. पुढचा हूक लाकडात नीट रुतला नव्हता. रॉयने डावा हात वर केला, तळवा उघडून बापापुढे धरला. थांब. आर्विडला हात वर झाला एवढंच दिसलं. त्याने मान डोलावली. बापाला कळलं, असं समजून रॉय निर्धास्तपणे वाकला आणि उजवा हात ओंडक्याखाली घालून हूक सरळ करू लागला. आर्विडने दांडा ढकलला.

किंकाळी कुणालाच ऐकू आली नाही. मॅकब्राईडने धावत येऊन करवत बंद केली तेव्हा आर्विड पुढच्या इंचांसाठी बोटं दाखवत उभा होता.

रॉयचा उजवा हात कोपराखाली कापावा लागला. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी भेटायला सोडलं. आर्विड टोपी हातात घेऊन वॉर्डच्या दाराशी उभा राहिला. खोलीत सगळंच पांढरं होतं, त्यात पलंग कुठे संपतो आणि मुलगा कुठे सुरू होतो ते त्याला कळेना. रॉय काहीतरी बोलला असावा, कारण डोरीन उठून आर्विडजवळ आली आणि कानाशी ओरडली, “बाबा, तो विचारतोय, हात दिसला होता का तुम्हाला?”

आर्विडची मान हलायला निघाली होती. ती त्याने आवरली. दिसला म्हणावं तर दिसूनही दांडा ढकलला असं होत होतं. नाही म्हणावं तर मग तिथे उभा कशाला होतास? एकतीस वर्षांत गिरणीतल्या लोकांनी दोनशे खुणा तयार केल्या होत्या. ‘मला दिसत नाही’ ही खूण त्यात नव्हती.

“तळवा नाही दिसला.” बहिऱ्या माणसाचा आवाज, अख्ख्या वॉर्डात गेला. “उन्हाळ्यापासून दिसत नाही. डॉक्टरने करवतीवर जाऊ नको म्हटलं होतं. मी कुणाला बोललो नाही.”

“अहो, पण का?”

“काढून टाकलं असतं तिथून. मग हा माझ्या तोंडाकडे बघणार कधी होता?”

डोरीनला ते रविवारचं वाया गेलेलं जेवण आठवलं. तिने विचारलं, “म्हणजे जेवायला बोलावलं तेव्हाही…?”

“तेव्हाही नाही दिसलं. आणि चर्चमध्ये ऐकू आलं नव्हतं. त्याला सांग. मला काहीच ऐकू आलं नव्हतं.”

डोरीनला सांगायची गरज नव्हती, रॉयला सगळं ऐकू येत होतं. आर्विड पलंगाकडे निघाला. तेवढ्यात त्या पांढऱ्यातून एक हात वर झाला. रॉयचा राहिलेला हात. आर्विडने मान हलवली नाही.

“काय दाखवतोय तो?” त्याने विचारलं. “डोरीन, बोटं किती आहेत?”

ती त्याच्या कानाशी आली, आणि या वेळी ओरडलीही नाही, तरी त्याला ऐकू आलं.

“पाचही, बाबा. तळवा तुमच्याकडे करून धरलाय.”

आर्विड पलंगापासून दोन पावलांवर थांबला.